एका घरातल्या दोन साखरा

लिंबायत, सुरत
८ जून १९९६

आत्याबाई,

इथूनच पाया पडते. आशीर्वाद द्यायचा की नाही ते शेवटी ठरवा, पण पत्र अर्धवट टाकून गोठ्यात निघून जाऊ नका. तुमची सून आहे मी, तुमच्या पळवाटा मला सगळ्या ठाऊक आहेत.

आधी चांगली बातमी. गायत्री काल दवाखान्यातून घरी आली. स्वतःच्या पायांनी रिक्षातून उतरली, सलाइनची सुई हाताला कुठे लावली होती ते गल्लीतल्या पोरींना दाखवलं, आणि खोलीत पाय टाकल्या टाकल्या विचारलं, "आजी कुठे?" मी म्हटलं, गावी गेली, पेरणी बघायला. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की काय सांगू! अकरा वर्षांची घोडी झाली, तिला थाप पचत नाही आता.

सरलाबाई, तुम्हाला नमस्कार. आत्याबाईंना हे पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुमच्याशीही बोलते. अंगणवाडीत एवढी पोरं सांभाळता, त्यात शेजारची ही आमची म्हातारी पोर पदरात घेतलीत. त्यांना कानाने चांगलं ऐकू येतं, फक्त नको ते कानावर आलं की तेवढ्यापुरत्या बहिऱ्या होतात. तसं झालं की ते वाक्य पुन्हा वाचा. आणि मी जे कंसात लिहीन ते मनातच वाचा.

आत्याबाई, मला तुमचे उपकार मानायचे आहेत आणि तुमच्याशी भांडायचंही आहे. दोन्ही एकदम कसं लिहितात ते मला येत नाही, सातवीपर्यंतच शिकले. म्हणून आधी उपकार.

मे महिन्यात पोर माठच्या माठ रिकामे करत होती तेव्हा आम्ही काय म्हणालो? पत्र्याची खोली, सुरतचं ऊन, पाणी पिणारच. वाळायला लागली तेव्हा म्हणालो, उंची वाढतेय. तिचे पप्पा म्हणाले, "लूमवर नवा कारागीर चढला की पहिल्या उन्हाळ्यात असाच वाळतो, असाच पाणी ढोसतो. मग येतो रांगेवर." जशी काही पोर त्यांच्या कापडाच्या कारखान्यात पाळी भरत होती! आणि मीही मान डोलावली, कारण आपल्या घरात आलेला प्रत्येक पाहुण्याचा पोरगा लूमवर लागला की असाच वाळलेला मी बघितला आहे.

मोरीत तिच्या लघवीला लागलेल्या मुंग्या बघितल्या त्या तुम्ही. तुमची साखर निघाली होती तेव्हाही अशाच मुंग्या लागल्या होत्या म्हणून तुम्ही तिचा दंड धरून गल्लीतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेलात. त्यांनी लघवी निळ्या औषधात घालून नळी तापवली, औषध विटेसारखं लाल झालं. ते म्हणाले, "आजीची साखर नातीत उतरली." अर्धी गोळी घ्या म्हणाले, आजी घेते तीच. आणि आपण तरी काय शहाणे! घरात पट्टी आहेच, वेगळी कशाला? एका खोलीत राहणारी माणसं आपण, कंगवा एक, साबण एक, तेलाची बाटली एक, तशी गोळ्यांची पट्टीही एकच. सकाळी तुम्ही गोळी मोडून आधी तिला भरवायच्या, मग तुमची घ्यायच्या. मला तर बरं वाटायचं की दोघींचं एकदम उरकतंय.

मग तो दिवस आला. दुपारी उलट्या, पोटात कळा, आणि श्वास असा ओढायला लागली जशी विहिरीवरून पळत आली आहे. मी म्हटलं, आंबा बाधला. लिंबूपाणी पाजलं, वर चांगली दोन चमचे साखर घालून! तुम्ही तिचं तोंड हुंगलं. उतरलेल्या फळांसारखा वास येत होता. तुम्ही ओरडलात ते अख्ख्या गल्लीने ऐकलं, "हाई मनी साखर नही शे! रिक्षा बलाव!"

ही माझी साखर नव्हे. आत्याबाई, तुमच्या तोंडचे शब्द आहेत हे. इतकी वर्षं साखर अंगावर वागवते, मला कधी असा श्वास लागला नाही, असा वास आला नाही, हे दुसरंच काहीतरी आहे, असं तुम्ही रिक्षात बसेपर्यंत बडबडत होतात. मी म्हणत होते की डॉक्टर दुपारचे झोपतात, संध्याकाळी दाखवू. तुम्ही ऐकलं नाही. पोरीला मांडीवर घेतलं आणि रिक्षावाल्याला म्हणालात, मोठ्या दवाखान्यात घे.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या तिचं तोंडच हुंगलं. मग रक्त, मग लघवी. लघवीत साखर तर होतीच, शिवाय आणखी एक आम्ल निघालं. त्यांनी मला समजावलं की पोरीच्या अंगाला साखर वापरताच येत नाहीये, म्हणून शरीर चरबी जाळत सुटलंय, आणि ते आम्ल रक्तात साचलंय. त्या गुजराती आहेत. मला म्हणाल्या, "आ छोकरीने गोळी नहीं चाले, बेन. इन्जेक्शन ज जोईशे." गोळी चालायची नाही, इंजेक्शनच हवं. संध्याकाळ केली असती तर काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझी पोर तुमच्यामुळे जिवंत आहे. एवढंच लिहायला मी चार कागद फाडले.

आता भांडण. तिने डोळे उघडले, "आजी" म्हणाली, आणि बाहेर येऊन बघते तर तुम्ही नाही! ना चहा, ना निरोप, पिशवी घेऊन अमळनेरची गाडी पकडली. का गेलात? मी काही बोलले का? बोलले असेन तर कळवा, मला आठवत नाही. पोर आत असताना मी कोणाला काय बोलले, काहीच नीट आठवत नाही.

तुमची,
वत्सला


लिंबायत
२६ जून १९९६

आत्याबाई,

पाया आज पडणार नाही. रागात आहे.

सरलाबाई, तुमचं कार्ड मिळालं. तुम्ही लिहिलंय की "सखुबाई म्हणतात, माझी साखर पोरीला लागली. मी आता तिच्याजवळ राहणार नाही. त्यांनी स्वतःच्या गोळ्या बंद केल्या आहेत. देवीला बोलल्या आहेत की माझा जीव घे आणि पोरीची साखर उतरव." तुम्ही कार्डावर लिहिलंत म्हणून पोस्टमनपासून घरमालकापर्यंत सगळ्यांनी वाचलं, पण ते असू दे. कळवलंत हे मोठं काम केलंत.

वा, आत्याबाई! देवीशी सौदा करता? आणि देवीने खरंच ऐकलं, तुम्हाला नेलं, तर पोरीला मी काय सांगू? तुझी आजी तुझ्या बदल्यात गेली म्हणून? ती जन्मभर ते घेऊन जगेल की नाही? एवढा विचार केला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही का गेलात ते मला आता कळलंय. तुम्ही सांगितलं नाही, तुमच्या लेकानेही सांगितलं नाही. चंपाबाईने सांगितलं. समोरच्या खोलीतली चंपाबाई, जिचा नवरा रेल्वेत आहे, ती त्या दिवशी आपल्याबरोबर आली होती. मी आत पोरीजवळ होते तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात तुमच्या शेजारी बसली होती. गायत्रीचे पप्पा कारखान्यातून तसेच धावत आले, डोक्यात कापूस, पायात चप्पल नाही. आणि तुमच्यासमोर उभं राहून म्हणाले, "तुनं ताट, तुन्या गोळ्या, तुनी साखर. लागनी ना शेवटी पोरले?" लागली ना पोरीला, म्हणून.

चंपाबाई म्हणते की तुम्ही पदराने तोंड पुसलं आणि बसून राहिलात.

नळावर हे ऐकलं आणि मी भरलेली कळशी तिथेच सोडून निघाले. घरी येऊन मी तुमच्या लेकाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. (सरलाबाई, दोन दिवस त्यांच्या ताटात मी भाकरी वाढली, पण शब्द नाही वाढला.)

त्यांची बाजू घेत नाही, पण ते असं का बोलले तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी झाली, आपणही गाडीच्या दारात लटकून गावी गेलो. परत आलो तेव्हापासून या गल्लीला सगळाच आजार लागणीचा वाटतो. कोणी शिंकलं तर लोक नाकाला रुमाल लावतात. आजी आणि नात एका ताटात जेवतात, दोघींना साखर निघाली, की गल्लीचा हिशोब तिथेच जुळला. पप्पांनीही तोच जुळवला. भ्याला होता माणूस. पण भ्यालेला माणूस आईवरच का ओरडतो?

आता नीट ऐका. सरलाबाई, हळूहळू वाचा. मी डॉक्टरीणबाईंकडे परत गेले होते, गायत्रीला दाखवायला. त्यांना मी सरळ विचारलं, एका ताटात जेवून साखर लागते का? त्या हसल्या नाहीत, ते मला फार आवडलं. म्हणाल्या, साखर ताटातून लागत नाही, उष्ट्यातून नाही, एका अंथरुणातून नाही. आणि म्हणाल्या की तुझ्या सासूचा आजार आणि तुझ्या मुलीचा आजार हे दोन वेगळे आजार आहेत. लोकांनी दोन्हींना एकच नाव दिलंय म्हणून गोंधळ होतो.

माणसाच्या पोटात एक रस तयार होतो, इन्सुलिन. तो साखर अंगी लावतो. तुमच्यासारख्या मोठ्या वयात होणाऱ्या आजारात रस बनतो, पण शरीर त्याला दाद देत नाही, आणि मग तो हळूहळू पुरतही नाही. म्हणून तो आजार वर्षानुवर्षं दबकत येतो, आणि गोळ्या, खाण्यावर ताबा, चालणं यांनी आटोक्यात राहतो. गायत्रीच्या पोटात मात्र रस बनणंच बंद पडलं. तिच्याच शरीराने चुकून तो बनवणारी जागा मोडली. म्हणून इतकी झपाट्याने वाळली, म्हणून तो श्वास, तो वास. तिला रस बाहेरूनच द्यावा लागणार, सुईने, रोज, जन्मभर. मी विचारलं, कधीतरी बंद होईल? त्या नाही म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत म्हणून त्यांचे आभार मानले आणि बाहेर येऊन बाकावर बसून रडले. नंतर चहा प्यायले.

गल्लीतल्या डॉक्टरांनाही मी सांगून आले. भांडायला गेले होते, पण त्यांनी ऐकून घेतलं, खुर्चीत मागे टेकले, आणि म्हणाले की लहान मुलात मी हा आजार कधी पाहिलाच नव्हता, यापुढे पोराच्या लघवीत साखर दिसली की थेट मोठ्या दवाखान्यात पाठवीन. मग कसलं भांडण?

घरी आता आमचं असं चाललंय. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून छोट्या माठात ठेवते, फ्रिज कुठला आपल्याकडे? सुई मी टोचते. पहिल्यांदा लिंबावर शिकले, मग पोरीवर. ती म्हणाली, "मम्मी, तू डोळे मिटून टोचतेस, निदान एक तरी उघड!" डॉक्टरीणबाईंनी तेच निळं औषध घरी दिलंय. सकाळी लघवीचे थेंब टाकून नळी तापवायची. निळं राहिलं तर छान, हिरवं तर ठीक, पिवळं झालं तर जरा सांभाळा, विटकरी झालं तर दवाखाना गाठा. मी साड्यांचे धागे कापते, मला रंगांचं काय सांगता! परवा पोपटी होतं. आज मोरपिशी निघालं, मी चंपाबाईला बोलावून दाखवलं. लोक सोन्याचा हार दाखवतात, आम्ही नळी दाखवतो.

गोळ्या सुरू करा. आजपासून. सरलाबाई, समोर बसून गिळायला लावा, तोंड उघडून बघा.

वत्सला

पायाही पडते. राहवत नाही.


लिंबायत
१९ जुलै १९९६

आत्याबाई,

पाया पडते, आणि तो पाय कसा आहे ते आधी विचारते.

सरलाबाईंचं पत्र आलं. अंगठ्याला काटा लागला, जखम महिनाभर चिघळतेय, आणि तुम्ही त्यावर हळद दाबून बसला आहात. गोळी मात्र घेत नाही. चक्कर येऊन ओट्यावर पडलात तेही लिहिलंय. आणि वर माझ्यासाठी तुमचा प्रश्न आहे, "मनी साखर नही, त मंग कोनी शे?" माझी नव्हे तर मग कोणाची?

आत्याबाई, या प्रश्नाने माझी झोप उडाली. मी पत्र गायत्रीच्या पप्पांसमोर ठेवलं. त्यांना वाचता येतं, पण त्यांनी मला वाचायला लावलं. अंगठ्यापर्यंत आले तेव्हा ते उठले, शर्ट चढवला, आणि पाळी बुडवून मोठ्या दवाखान्यात गेले. एकटे. मला चल म्हणाले नाहीत. दसऱ्याशिवाय पाळी न बुडवणारा माणूस!

काय झालं ते त्यांनी परत येऊन तुकड्या तुकड्याने सांगितलं, मी जोडून लिहिते. त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझ्या आईला साखर आहे, म्हणून पोरीला झाली का?" त्या म्हणाल्या, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तिच्या गोळीने बिघडली का? म्हणाल्या, गोळीने झाली नाही. गोळीचा उपयोग झाला नाही, दिवस वाया गेले, एवढंच. मग तुमचा प्रश्न विचारला, कोणाची? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोईनी नहीं, भाई." कोणाचीच नाही. तुमची साखर तुमच्या मुलाला उतारवयात येऊ शकते, त्यांनी वजन आणि खाणं सांभाळलं पाहिजे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण पोरीची ही साखर वेगळी, ती तुमच्याकडून आलेली नाही. अशा मुलांच्या घरात बहुतेक वेळा कोणालाच साखर नसते. तुमच्यासारखी असली, तरी तो योगायोग.

ते मला म्हणाले, "मला लूमवरून कळलं." म्हणजे काय तर गोळी म्हणजे कारखान्याचा मास्टर. कारागीर सुस्तावला असला तर मास्टर ओरडून ओरडून त्याच्याकडून कापड काढून घेतो. आईचं तसं आहे. पण कारागीरच नसेल तर मास्टरने भिंतीवर ओरडावं का? पोरीला कापड बाहेरूनच आणायला हवं. एवढं समजावून सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत.

(सरलाबाई, त्यांची पाठ हलत होती. मी दिवा मालवला.)

तुमच्या पायाचं डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या पप्पांवरच ओरडल्या, की इथे काय करतोस, आईला घेऊन ये. साखर वाढलेली असताना पायाची जखम सडते, पाय जायची वेळ येते. म्हणून सरलाबाई, आजच्या आज त्यांना अमळनेरला दाखवा. त्या नाही म्हणतील. त्यांना सांगा की वत्सलाने विचारलंय, एका पायाने नातीच्या लग्नात नाचणार का?

आणि आणखी एक गोष्ट, आत्याबाई, आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही त्यातूनही अर्थ काढाल. जखमेपायी तुम्हालाही काही दिवस सुई टोचतील. सुई बघून म्हणू नका की बघा, आजार एकच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तुमच्या आजारातही कधी कधी सुई लागते. तुमचा रस कमी पडला तर भर घालायला, पोरीचा तर मुळातच नाही म्हणून. औषध एक असलं तरी आजार दोन. ताप मलेरियाचाही असतो आणि टायफॉइडचाही, पाण्याची पट्टी दोघांच्या कपाळाला ठेवतो.

गायत्री शाळेत जायला लागली. बाईंना मी भेटून आले, दप्तरात गूळ-शेंगदाणे ठेवलेत, हातपाय कापले, घाम फुटला तर लगेच खायचे. ती मैत्रिणींना सांगते की वर्गात खायची परवानगी असलेली मी एकटीच. परवापासून स्वतःची सुई स्वतः घेते. मांडीत. मी बघत असते. मला वाटलं होतं मी मोडून जाईन, पण खरं सांगू, मला तिच्यापेक्षा जास्त बळ आलंय. रोज सकाळी ती उठते ना, "मम्मी, भूक!" म्हणत, तेव्हा मी मनात तुमचं नाव घेते, मग देवाचं. देव रागावत नसेल, त्यालाही त्या दिवसाची रिक्षा माहीत आहे.

तुमची,
वत्सला


लिंबायत
१८ ऑगस्ट १९९६

आत्याबाई,

हे पत्र पोस्टाने येत नाही. तुमच्या लेकाच्या खिशातून येतंय. सरलाबाई, तुम्ही वाचायला बसलात म्हणजे तो तिथेच कुठेतरी दाराला टेकून उभा असेल आणि छपराची कौलं मोजत असेल. असू द्या.

आधी निरोप. गोळ्या सुरू केल्यात, अमळनेरला दाखवलंत, जखमेतला पू कमी झाला, हे वाचून मी गल्लीत साखर वाटली असती, पण साखर वाटायची आता मला भीती वाटते, म्हणून चुरमुरे वाटले. सरलाबाई, तुम्ही त्यांना बैलगाडीत घालून नेलंत, ड्रेसिंगला रोज बसलात. तुमच्या पोरांना माझा आशीर्वाद. मी वयाने लहान आहे, तरी देते.

पण जखम अजून भरली नाही, आणि तिथले डॉक्टर मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणालेत. म्हणून पप्पा तुम्हाला न्यायला आलेत. डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवलंय. कानबाई देवीचा सण पुढच्या रविवारी आहे, नैवेद्याचे रोट कोणी घालायचे, चौरंग कोणी मांडायचा? मी विचारायला गेले तर भाऊबंदातल्या बायका म्हणतात, सखुबाई नाही तर आम्हाला पद्धत येत नाही. पण त्यासाठी येऊ नका. पायासाठी या. आणि बोलावणं नसतं तरी पायासाठी आलेच असते, असं तुम्हाला म्हणता येईल, म्हणून या.

तुम्ही सरलाबाईंकडून कळवलंत की "पोरीची साखर माझी नव्हे हे डोक्याला पटलं, पण जिवाला पटत नाही." आत्याबाई, हे वाक्य मी किती वेळा वाचलं! तुमच्या जिवाला का पटत नाही ते मला कळतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मी सांगितलं, सरलाबाईंनी सांगितलं. पण ज्याने लागली म्हटलं त्याने अजून नाही म्हटलेलं नाही.

काल त्यांनी पिशवी भरली, दोन शर्ट कोंबले, आणि माझ्यासमोर येऊन बसले. मी पत्र लिहीत होते. म्हणाले, "त्यातच लिही ना, हिलालने चूक केली, म्हणून. तू छान लिहितेस." नवऱ्याचं नाव मी घेत नाही, पण हे त्यांच्या तोंडचं आहे म्हणून लिहिलं. मी विचारलं, आणखी काय लिहू? म्हणाले, "लिही की त्या दिवशी आईने रिक्षा केली नसती तर. लिही की मी व्हरांड्यात जे बोललो ते." मग पिशवीचं तोंड सोडून पुन्हा बांधलं. गायत्री बाजूला बसून सुई उकळायला ठेवत होती, तिने वर बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, हे मम्मी नाही लिहिणार. आणि लिहिलं तरी आजी नाही ऐकणार."

पोरीने माझंच मन बोलून दाखवलं. मी म्हटलं, मी सगळं लिहीन, आजाराचं लिहीन, रंगांचं लिहीन, तुमच्या मास्टर-कारागिराचं लिहीन. हे नाही लिहिणार. ते कागदावर आणलं तर सरलाबाईंच्या तोंडून येईल, आणि सरलाबाईंनी काही केलेलं नाही.

आत्याबाई, मला तुमचे आभार मानायचे होते ते मी चार पत्रांत मानले आणि तरी भागलं नाही. तुमच्या लेकाला मानायचे आहेत त्याहून जास्त. तो रोज तुमच्या अंथरुणाच्या रिकाम्या जागेवरून वाकडा होऊन जातो, पाय पडू देत नाही. बोलायची वेळ आली की एसटीची गर्दी सांगेल, पावसाचं सांगेल, लूमच्या शेठचं सांगेल. तुम्ही हो-हो करून त्याची सुटका करू नका. चहा ठेवते म्हणून उठू नका. लहानपणी त्याला उलटी होताना जसं त्याचं कपाळ धरायच्या तसं हवं तर धरा, पण त्याला बोलू द्या.

सरलाबाई, आता फक्त खालचे दोन शब्द मोठ्याने वाचा, त्यापुढे मी काही लिहिलेलं नाही. कागद उलटून बघू नका, मागे कोरा आहे. उठा आणि जाताना दार लोटून घ्या.

हिलाल, बोला.